सातवी ओळ

शाळेत त्यांचं नाव पडलं होतं इथूनबाई. पोर घडाघडा वाचायला लागलं की बाई त्याच्या बाकाशी जायच्या, पानाच्या मधोमध बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "इथून वाच." धडा नुसता ऐकून पाठ केलेल्याची तिथेच बोलती बंद. एकतीस वर्षांत एकही लबाड हातून सुटला नाही, याचा बाईंना भारी अभिमान होता. माणसाला कशाचा अभिमान वाटेल, काही सांगता येत नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना शाळेने सगळ्यांना प्रशिक्षणाला बसवलं. विषय होता, वर्गातला डिस्लेक्सिया कसा ओळखायचा. शिकवायला आलेली मुलगी बाईंच्या लेकीच्या वयाची. "आता ही आम्हाला शिकवणार," असं शेजारणीच्या कानात पुटपुटून बाईंनी चष्मा पुसायला घेतला. मग त्या मुलीने लक्षणं वाचायला सुरुवात केली. बोलण्यात चुणचुणीत, पण वाचायला बसवलं की पोट दुखतं. वाचताना ओळ सुटते. फळ्यावरचं उतरवताना निम्मं गळतं. चौथ्या लक्षणाला बाईंच्या लक्षात आलं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. सातवं ऐकलं आणि चष्मा पुसणारा हात थांबला.

लेक तिसरीत त्यांच्याच वर्गात होती. वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा नियम. एके दिवशी पोरीने अख्खा धडा न अडखळता वाचला. बाईंनी बोट ठेवलं. पोर गप्प. पुन्हा सांगितलं, तर ती हळूच म्हणाली, "आई, नको ना." वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी तिला खोटारडी म्हणून तास संपेपर्यंत फळ्याशी उभं केलं. पोटच्या पोरीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून जरा जास्तच बोलल्या. पोरीने शाळेचा जो धसका घेतला तो घेतलाच. नववीत तिने शाळा सोडली. आता ती कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. मायलेकींचं येणं-जाणं आहे, पण बोलणं कामापुरतं.

प्रशिक्षणात मिळालेला कागद पर्समध्ये घालून बाई थेट दुकानात गेल्या. आज हिची माफी मागायचीच, एवढं एकच डोक्यात होतं. लेक एका कोटाचं अस्तर उसवत होती. गिऱ्हाइकांची मापं तिथे कुठेच लिहिलेली नव्हती. प्रत्येक कपड्याला रंगीत दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या. बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. लेकीने नुसतं आईकडे पाहिलं. आपण पुन्हा तेच केलं, हे लक्षात येऊन बाई ओशाळल्या.

"मीच वाचते," त्या म्हणाल्या. "दहा लक्षणं आहेत. तुझ्यात होती. मला दिसली नाहीत."

त्या वाचत गेल्या. लेक उसवत राहिली.

"झालं?"

"झालं."

"दहा म्हणालीस. नऊच वाचलीस."

पोरीचे कान पहिल्यापासून तिखट. त्याच कानांवर तिने तीन इयत्ता रेटल्या होत्या. तिने कात्री खाली ठेवली आणि खडूने पांढरं झालेलं बोट कागदावर टेकवलं. "इथून वाच."

बोट भलत्याच ओळीवर पडलं होतं. बाईंनी ते धरून सातव्या ओळीवर आणलं. मग त्या वाचू लागल्या.

"काही मुलं ऐकून पाठ केलेला धडा वाचल्यासारखा म्हणतात. ही लबाडी नव्हे. त्यामागे फार कष्ट असतात. अशा मुलाला चारचौघांत उघडं पाडू नये."

लेकीने बोट काढून घेतलं.

"शेजारच्या ताईकडून अकरा वेळा वाचून घेतला होता तो धडा," ती म्हणाली. "वर्गात तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

लेकीने मान हलवली, कोट पुन्हा पुढ्यात ओढला आणि टाके उसवू लागली. बाई कागद धरून उभ्याच राहिल्या. त्यांना कुणी बस म्हणालं नाही.