दाजींची करंगळी

छावणीतल्या शस्त्रागाराच्या हवालदाराला सगळे दाजी म्हणत. निशाणेबाजी शिकवणारा उस्ताद त्याचा मेहुणा. एकाचे दाजी ते सगळ्या पलटणीचे दाजी झाले. त्यांची ख्याती करंगळीची. सरावावरून आलेली प्रत्येक बंदूक उघडून, काडतूस बसतं तिथं करंगळी घालून आत एखादं राहिलं नाही ना, हे चाचपायचं, मगच मांडणीवर उभी करायची. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. डोळे सकाळपासूनच तांबडे असत.

कारण तेलाच्या डब्यांमागच्या बाटलीत होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. पण दाजी पडत नाहीत, बरळत नाहीत, मग उगाच कोण बोलतंय? बायको एकदा म्हणाली, "दवाखान्यात चला." दाजी म्हणाले, "आणि नोकरीवर कोण जाईल, तुझा भाऊ?"

त्या दुपारी डुलकीतून जागे झाले तर मांडणी रिकामी. मेहुणा शिकाऊ पोरांना घेऊन मैदानावर गेलेला. सकाळी गोळ्या झाडून आलेल्या बंदुकांत करंगळी घातली होती का? पहिल्या दोन-चार आठवल्या. मग बाटली आठवली. पुढं कोरं. त्यांनी करंगळी पाहिली. काजळी नव्हती. पण जेवणाआधी हात धुतले होते, त्यामुळे तीही साक्षीला येईना.

रोज या वेळी मेहुणा मैदानात पालथा पडतो, पोराचा नेम हलतो का ते बघायला भोक असलेली चकती डोळ्याला लावतो आणि समोरचा पोरगा त्याच भोकावर नेम धरून रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढतो. दाजींकडून आलेली बंदूक कुणी पुन्हा उघडून बघत नसे.

दाजी पळाले.

"थांबा! घोडा ओढू नका!"

चकतीआडून मेहुणा म्हणाला, "काय दाजी, जेवण जिरवताय?"

"मी प्यायलो होतो. तपासल्यात की नाही, आठवत नाही रे."

पोरांचं हसू जागच्या जागी विरलं. नळ्या आकाशाकडं गेल्या. एकेक बंदूक उघडली. रिकामी. रिकामी. शेवटची उघडली. तीही रिकामी.

"रिकाम्याच निघाल्या की," दाजी कसंबसं म्हणाले.

"आज," मेहुणा म्हणाला. त्यानं हातातली चकती खिशात टाकली. "साहेबांना सांगू. तिथून थेट दवाखान्यात."

"नोकरी जाईल."

"ताईला माझा डोळा नेऊन दाखवला असतात?"

दाजी कमरेला बांधलेली शस्त्रागाराची किल्ली सोडू लागले. बोटांना गाठ सापडेना. शेवटी मेहुण्यानंच ती सोडवली.