आईंच्या तोंडचा शब्द

"ही रेघ इथे सपाट झालीय ना, तिथे तुमच्या सासूबाई थांबल्या," डॉक्टरबाई कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आणि पुन्हा चालू लागल्या, त्या तुम्ही मागून नाव सांगितल्यावर."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. म्हणजे आठवण आणि विचार वयाच्या मानाने जास्त मंदावणं. पुढे स्मृतिभ्रंश होईलच असं नाही, पण होऊ शकतो. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, बाहेर बाकावर माझ्या नवऱ्याबरोबर चहा पीत होत्या. मी त्या रेघेकडेच बघत राहिले.

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. आम्ही भिवंडीजवळच्या कोन गावचे. आईंचा जन्म सुकं म्हावरं, म्हणजे सुकी मासळी, विकण्यात गेला. डोक्यावर पाटी घेऊन भिवंडीच्या बाजाराला निघायच्या. गप्पा, भांडणं, सगळं चालता चालता. अलीकडे मात्र कुणी काही विचारलं की आधी थांबायच्या, मग उत्तर द्यायच्या. आम्ही म्हटलं, गुडघे गेले. तुमच्या घरी कुणी असं थांबत असेल, तर सगळं गुडघ्यांवर ढकलू नका. दाखवून घ्या.

शब्द अडला की मी होतेच. माझं माहेर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत. तिथल्या खटखटाटात ओरडून, भराभर बोललं नाही तर कुणाला ऐकूच येत नाही. तीच सवय घेऊन मी सासरी आले. आई "ती... आपली ती..." म्हणाल्या की मी "मांदेली!" असं माशाचं नाव घेऊन मोकळी. शेजारणी म्हणायच्या, सून मिळावी तर अशी. मलाही ते खरं वाटायचं.

एकदा बाजारातल्या रोजच्या वळणावर त्या गोंधळून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे आम्ही ठाण्याला हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासलं, कारण बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉइड कमी असलं तरी माणूस विसरतो. एमआरआय झाला. मग तिथे अभ्यासासाठी चाललेली एक तपासणी करायची का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. कमरेच्या पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी. ॲक्सेलरोमीटर. म्हणजे चालताना शरीराला बसणारा हिसका टिपणारा सेन्सर. आधी नुसतं चालायचं, मग डोक्याला काम देऊन चालायचं. विसरण्याचा आजार कधीकधी आधी चालण्यात दिसतो, असं त्या म्हणाल्या.

इतरांना उलटे आकडे म्हणायला लावत. आई शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून त्यांना म्हावऱ्याची नावं घ्यायला सांगितली.

"बोंबील... वाकटी..." आणि आई थांबल्या. जन्मभर म्हावरं विकलेली बाई! मला भयंकर लाज वाटली. मी मागून ओरडले, "मांदेली! जवळा!"

त्याचीच ती रेघ.

"तुम्ही प्रेमापोटी केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण घरीही असंच चालत असेल, तर आजार झाकला गेला. शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या." मी मध्ये ओरडले होते म्हणून तपासणी पुन्हा घेतली, तेव्हा मला दाराबाहेर उभं केलं.

घरी आल्यावर मी तोंडाला कुलूप घातलं. आई शब्द शोधायच्या आणि मी भांड्यांत डोकं घालून गप्प. इतकी वर्षं बोलून पाप केलं, आता गप्प राहून फेडते, असं मला वाटायचं.

एका दुपारी आम्ही दोघी सुकं म्हावरं निवडत होतो. आई एकदम म्हणाल्या, "काय गो, माझ्यावर रागावलीस काय?"

"न्हाय, आई."

"मंग बोलत का न्हाय? तू सांगायचीस तवा मना भ्या वाटत नव्हता. आता शब्द गेला का मी एकलीच."

मला रडू आवरेना. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी सगळं सांगितलं. मी तुमच्या तोंडचे शब्द पळवत होते, असंही म्हटलं.

"मना कोनी इचारला काय?" आई म्हणाल्या. "मी शब्द मागन तवा दे. आदी नको."

खरंच होतं ते. मी आधी बोलायचं ठरवलं, मग गप्प राहायचं ठरवलं. दोन्ही वेळा आईंना विचारलंच नव्हतं. आजार त्यांचा, डोकं त्यांचं, आणि कारभार माझा! याची टोचणी अजून जात नाही.

आई ढिगातला एक मासा उचलून त्याच्याकडे बघत बसल्या. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी पदर तोंडात धरला. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला.

"दे," म्हणाल्या.

मी हळूच सांगितलं.