धम्मशीलाचा पिवळा रुमाल

आमची धम्मशीला इथे इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे, पण रविवारी ती अमेरिकन फुटबॉलची पंच असते. एवढं शिकवलं ते यासाठी का, असं पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं. आता दुसऱ्या कुणी विचारलं तर मी त्याच्याशी भांडते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून बाई चिखलात उभी राहते आणि फाऊल दिसला की कमरेचा पिवळा रुमाल मैदानात फेकते. त्याला ते लोक फ्लॅग म्हणतात. मी रुमालच म्हणणार.

वाद आमच्या घराला नवा नाही. तिचे बाबा, सुभाष, शनिवारी इथल्या विहारात अभ्यासवर्ग घेतात. तिथे खुशाल वाद घाला, पण त्यांची एक अट आहे. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने नीट मांडायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मग आपलं बोलायचं. मला हे कधीच पटलं नाही. समोरच्याला काय तोंड नाही? पण हे घरीसुद्धा तेच करायला लावतात, आणि पोरगी त्यातच वाढली.

परवा सेमीफायनल होती. फायनलला कोणते पंच घ्यायचे हे कीथ ठरवणार होता. तो तिथला मुख्य पंच, वीस-बावीस वर्षं मुरलेला. धम्मशीलाला ती फायनल फार हवी होती. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. आम्ही दोघं घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन गेलो.

मॅच संपत आली होती. एका पोराकडे लांब पास आला. त्याच्या मागे धावणाऱ्याने त्याचा दंड धरला, बॉल पुढे जाऊन पडला, आणि आमच्या पोरीने रुमाल फेकला. पास इंटरफिअरन्स. म्हणजे बॉल यायच्या आत झेलणाऱ्याला अडवलं. ज्यांच्याविरुद्ध फाऊल दिला, नेमके त्यांचेच लोक आमच्या आजूबाजूला होते. एक जण तिच्या डोळ्यांवरून काहीतरी घाण बोलला. मी उठणार होते, ह्यांनी माझा कोट धरला.

तेवढ्यात कीथ धावत आला. आमच्यासमोरच उभे होते दोघं, शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो म्हणाला, "रुमाल उचल. बॉल फार लांब होता."

गेली फायनल, मी मनात म्हटलं. हो म्हण ग बाई आता.

तिने हो म्हटलं नाही. शांतपणे म्हणाली, "तुमचं म्हणणं असं की जो बॉल झेलताच आला नसता, त्यावर हा फाऊल होत नाही. आणि हा बॉल त्याच्यापासून चार पावलं पुढे पडला. बरोबर?"

"हो, हेच."

"तुम्ही बॉल बघत होता. मी हात बघत होते. धरला तेव्हा बॉल अजून वर होता आणि पोरगा पूर्ण वेगात होता. ते चार पावलांचं अंतर त्या धरण्यामुळे पडलं."

कीथ म्हणाला, "हात मी पाहिला नाही." आणि त्याने फाऊल कायम केला.

मॅच संपल्यावर तो आमच्या खुर्च्यांपाशी आला. धम्मशीलाला म्हणाला, "फायनलला तू आहेस. पण असं वाद घालायला शिकलीस कुठे?"

तिने आमच्याकडे बोट केलं. "नियम बाबांचा. पण सराव आईवर केला. तिचं म्हणणं तिला मान्य होईल असं मांडून दाखवायचं म्हणजे महाकठीण. त्यापुढे, कीथ, तुम्ही फार सोपे होता."

हे इतके हसले की चहा सांडला. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, ऊर भरून आला होता, काही बोलताच येईना. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं.