पालथे घातलेले तीन वीर

मुलीच्या पुस्तकाची पानं चारशे बारा होती आणि हातात दिवस शेहेचाळीस. रोज नऊ पानं वाचली तर पंचेचाळीस दिवसांत चारशे पाच होतात, शेवटच्या दिवशी सात उरतात. हे मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून तिच्या टेबलासमोर चिकटवलं. पुस्तक इंग्रजी होतं. मी डेअरीवर दुधाचे लिटर आणि फॅट लिहिणारा माणूस, मला त्यातलं एक पानही समजलं नसतं. खूण कितव्या पानात आहे तेवढं मी येता-जाता बघायचो.

तिची दहावीची परीक्षा संपली होती. पुण्याजवळच्या एका निवासी शाळेनं तिला अकरावीला घ्यायचं कबूल केलं होतं. पण तिला तिथं हवा होता तो वरच्या पातळीचा इतिहास. त्याच्या जागा चौदा. सुट्टीत ते पुस्तक वाचायचं, आपल्या गावातल्या एका जुन्या वस्तूवर दीड हजार शब्दांचा निबंध लिहायचा, आणि त्या निबंधावर चौदा मुलं निवडायची, अशी शाळेची पद्धत. जागा मिळाली नाही तर ती तिथं जाणार नव्हती. घोडेगावला कॉमर्सला नाव घालायचं, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं आणि दोनदा बोलूनही दाखवलं होतं. एरवी ती एखादी गोष्ट दोनदा सांगत नाही.

निबंधाची अट एकच होती. वस्तू स्वतः पाहिलेली, हात लावून तपासलेली हवी. आणि विषय आधी कळवायचा, तो नंतर बदलता येणार नाही.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, विषय पाठवला. देवळापुढचे तीन वीर."

आमच्या देवळापुढं तीन उभे कोरीव दगड होते. गाव त्यांना वीर म्हणायचं. पुस्तकात त्याला वीरगळ म्हणतात, लढाईत किंवा गुरं वाचवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड, हे तिनंच मला सांगितलं. लहानपणी ती त्यांच्यावर चढून बसायची. मीही बसायचो. पाच वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा ते हलवले. देवळामागं जुन्या दगडांचा ढीग आहे, त्यात ते असणार, असं ती धरून चालली होती.

ते त्या ढिगात नाहीत, हे मला माहीत होतं. तरी त्या जेवणात मी ते बोललो नाही. सकाळी सांगितलं.

"मग कुठं आहेत?"

"पायऱ्यांखाली."

नवीन देवळाचं जोतं जुन्यापेक्षा तीन फूट वर घेतलं होतं. सहा पायऱ्या कराव्या लागल्या. खालच्या तीन पायऱ्यांना जमीन भुसभुशीत लागली. गवंडी म्हणाला, लांब दगड बसवले तर खचणार नाही, आणि असे दगड समोरच उभे आहेत. म्हातारी माणसं कचरली. वीरांवर पाय द्यायचा कसा? तेव्हा मी म्हणालो, कोरलेली बाजू खाली करा, म्हणजे पाय देवाला लागायचा नाही. सगळ्यांना पटलं. एकानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. तिन्ही वीरांना नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि ते पालथे घातले. वर काँक्रीट, काँक्रीटवर फरशी.

मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्यावर काय कोरलं होतं? मला नुसता शेंदूर आठवतो."

मी कपाटातून जीर्णोद्धाराची वही काढली. सामानाची नोंद माझ्याकडेच होती. विटा, वाळूचे ब्रास, सिमेंटच्या गोण्या, सगळं त्यात आहे. तीन दगडांना मी क्रमांक दिले होते. पहिला तीन फूट सात इंच लांब, एक फूट पाच इंच रुंद, सात इंच जाड. दुसरा, तिसरा तसेच मोजून लिहिलेले. शेवटच्या रकान्यात शेरा, तिन्हींपुढं तोच: कोरीव. पालथा.

तिनं पान उलटून पाहिलं. पुढच्या पानावर फरशीचे बॉक्स होते.

"एवढंच?"

"एवढंच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मापं तिच्या वहीत उतरवून घेतली.

मग आम्ही शोधायला लागलो. भूमिपूजनाचा एक फोटो सापडला. त्यात दगडांच्या पुढं आम्ही कमिटीची नऊ माणसं ओळीनं उभी आहोत. मधल्या वीराचा वरचा कोपरा तेवढा दिसतो, माझ्या कोपराच्या बाजूला, शेंदरानं माखलेला. तिनं मोबाइलवर मोठा करून पाहिला. चंद्रकोर असावी, म्हणाली. बाकीचं सगळं माझ्या सदऱ्यामागं.

गुरवांकडं गेलो. त्यांनी चाळीस वर्षं त्या वीरांना तेल-शेंदूर लावला. वय झालंय, पण आठवण पक्की आहे.

"आजोबा, काय होतं त्यांच्यावर?"

"घोडा व्हता एकावर. का बैल? मी शेंदूर लावायचो पोरी, बघत कुठं व्हतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यांनाच विचार की. ह्यांनी शेवटचं पायलं."

माझी चुलती म्हणाली, खाली गाई होत्या, चार. किती, असं मी पुन्हा विचारलं तेव्हा पाच झाल्या. "तू काय डेअरीवर हाय का मोजायला," ती मला म्हणाली. "व्हत्या म्हंजे व्हत्या."

मला स्वतःला आठवत होता तो एक खड्डा. पहिल्या वीरावर चढताना गुडघ्याएवढ्या उंचीवर पाऊल ठेवायला जागा होती, तिथं अंगठा बरोबर बसायचा. तो खड्डा म्हणजे घोड्याच्या पोटाखालची जागा होती, का दोन माणसांच्या मधली, हे मला सांगता येत नव्हतं. मुलीनं तेही लिहून घेतलं. मला त्या वेळी वाटलं, ती माझं मन राखतेय.

एकोणीस दिवस उरले असताना मी कमिटीच्या बैठकीत विषय काढला. म्हणालो, सगळ्यात खालची एकच पायरी उघडू. गवंडी मी आणतो, फरशी मी आणतो, आठ दिवसांत होती तशी करून देतो.

अध्यक्ष माझ्याच वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेलो. ते म्हणाले, "भाऊ, पालथं घाला म्हनून तुमीच म्हनला व्हता ना?"

"म्हणालो होतो."

"मग आता पोरीच्या निबंधासाठी देवाच्या पायऱ्या फोडायच्या? उद्या तिला भूगोल घ्यायचा झाला तर कळस उतरवू व्हय?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो. एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "राव, यात्रा महिन्यावर आलीय. अन् उकरलेला देव पुन्हा पालथा घालायचा, ते कोन करनार? एकदा तुमी केलं, ते चांगल्या मनानं केलं. आता नाय व्हायचं." बैठकीच्या वहीत ठराव नामंजूर असा लिहायचा होता. लिहायचं काम माझंच, म्हणून मीच लिहिला.

घरी आलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसली होती. ठराव नामंजूर झाला, असं तिला सांगितलं.

"घोडेगावचा फॉर्म आणून ठेवू का?" मी म्हणालो.

"थांबा जरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लिहायला बसली. दहा दिवस झाले तरी पुस्तकातली खूण मात्र दोनशे अठ्ठ्याऐंशीवरून हलत नव्हती आणि माझ्या कॅलेंडरप्रमाणे ती सव्वातीनशेच्या पुढं हवी होती. बायको म्हणाली, "त्या कॅलेंडरकडं बघणं सोडा आता." मी बघणं सोडलं नाही, पण बोलणं सोडलं.

निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी तिनं मला कागद दिले. "यातली मापं तेवढी तपासा." शाळेला सेंटिमीटर हवे होते. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्रेचाळीस इंचांचे एकशे नऊ पूर्णांक बावीस शतांश. बरोबर. दुसऱ्या दगडाच्या रुंदीत तिनं अठराच्या जागी एकोणीस इंच धरले होते. ते मी खोडून नीट केलं. निबंधात एवढीच चूक मला सापडली, बाकीचं मला वाचता येत नव्हतं.

म्हणून तिनं ते मला मराठीत सांगितलं. वीरांवर काय आहे हे तिनं लिहिलंच नव्हतं. गुरवांचा घोडा, चुलतीच्या चार आणि पाच गाई, फोटोतला कोपरा, माझ्या पायाच्या अंगठ्याचा खड्डा, हे एकाखाली एक मांडलं होतं, आणि यातलं काय धरता येईल आणि काय नाही, ते लिहिलं होतं. पहिल्याच परिच्छेदात कबूल केलं होतं की वस्तूला हात लावायची अट आपण पाळू शकत नाही. मग ते दगड पालथे का घातले, ते होतं. अनादरानं नाही, पाय लागू नये म्हणून. हे ज्यांनी सुचवलं ते माझे वडील, असं वाक्य होतं.

"नाव घातलंस?"

"नाही."

"घातलं असतंस तरी चाललं असतं."

"नावाची गरज नव्हती," ती म्हणाली आणि कागद जुळवायला लागली.

बारा दिवसांनी शाळेची यादी आली. तिचा क्रमांक तेरावा होता. निबंधावर शिक्षिकेनं खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. मापं दिल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं, आणि विचारलं होतं की त्या पायऱ्या कधी उघडल्या जातील.

मी गवंड्याला फोन करून विचारलं, पायऱ्या किती वर्षं टिकतील. त्याला वाटलं, मी तक्रार करतोय. तो म्हणाला, "भाऊ, पन्नास वर्षं हलायच्या नाहीत, लिहून देतो." त्यातली पाच झाली. पंचेचाळीस राहिली. मुलगी तेव्हा एकसष्ट वर्षांची असेल. मी असलो तर त्र्याण्णव.

ती शाळेत गेल्यापासून मी देवळात जातो तेव्हा खालच्या तीन पायऱ्या बाजूनं चढतो, कठड्याला धरून. फरशीला कुठं भेग पडलीय का, तेही बघतो. अजून एकही नाही. पडेल असं वाटत नाही. तिथलं काँक्रीट एक भाग सिमेंटला दीड वाळू आणि तीन खडी असं होतं, आणि त्यावर एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारलं होतं. वहीत रोजची टिक आहे. एक दिवसही चुकलेला नाही.