बॉनेटवरचा पितळी बैल

तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका गल्लीत चार पांढऱ्या गाड्या ओळीनं उभ्या असायच्या, आणि चारही एकाच कंपनीच्या. विनोदिनीबाईंनी एका महिन्यात तीनदा दुसऱ्याच्या गाडीला चावी लावली. तिसऱ्यांदा तर आत एक गृहस्थ बसलेले होते. त्यांनी काच खाली करून विचारलं, "कहाँ जाना है, दीदी?"

त्या दिवशी बाईंनी ठरवलं, आपल्या गाडीला ओळख पाहिजे.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकल्या. शिकल्या म्हणजे कशा, तर शिकवणाऱ्याचा घसा बसेपर्यंत. पण शिकल्या. ब्राह्मणपाऱ्यातला भाजीवाला, समता कॉलोनीतली मैत्रीण, सगळीकडे त्या आता गाडीनंच जात. शेजारची सीट मात्र कायम रिकामी. कारण त्यांचे यजमान, नीलकंठराव. रेल्वेच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यांचा विश्वास फक्त रुळांवर. "रूळ असले की गाडी इकडंतिकडं होत नाही," ते म्हणत. "तुझ्या गाडीले रूळ कुठं आहेत?"

ओळखीसाठी बाईंनी एका हस्तकलेच्या मेळ्यातून बस्तरचा पितळी बैल आणला. मूठभर उंचीचा, शिंगं ताठ, चेहरा असा की आत्ता कोणीतरी त्याची थट्टा केली आहे. तो घेऊन त्या भैय्यालालकडं गेल्या. नाक्यावर त्याचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं, सीट कव्हर, झालर, मोनोग्राम, सगळं.

"भाभीजी, बोनट में दो छेद करके बोल्ट कस देता हूँ," भैय्यालाल म्हणाला. "नहीं तो कोई भी उखाड़ ले जाएगा. आजकल तो लोग कंपनी का लोगो तक नहीं छोड़ते."

"माझ्या गाडीला भोकं?" बाई अशा दचकल्या की जणू विषय त्यांचेच कान टोचायचा होता. "डबल टेप लगा दो."

बैल चिकटला. बाई हरखल्या. नीलकंठराव गॅलरीतून खाली पाहून म्हणाले, "चार दिवस. पाचव्या दिवशी हा बैल कबाड्याकडं दिसते का नाही पाहा."

"नाही जाणार."

"पोळ्यापर्यंत टिकला तर मी तुझ्या शेजारी बसून गोदूकडं भिलाईले येतो. अन् चोरीले गेला तर ड्रायव्हर ठेवायचा. मंजूर?"

बाईंच्या डोळ्यांपुढं चित्रच उभं राहिलं. नणंदेच्या दारात, नवरा शेजारी बसवून, आपण गाडी थांबवतो आहोत! त्यांनी तिथल्या तिथं टाळी दिली. "मंजूर!"

पोळ्याला छत्तीस दिवस होते.

ते छत्तीस दिवस बाईंनी बैल राखला तसा खरा बैलही कोणी राखला नसेल. दर अर्ध्या तासाला गॅलरी. पोळी तव्यावर टाकायची, गॅलरीत जायचं, परत येऊन जळकी पोळी उलटायची. बैलावर कोणाची नजर जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला लोकरीचं टोपडं विणलं, शिंगांना भोकं ठेवून. नीलकंठरावांनी ते पाहिलं आणि हसून हसून त्यांचा चष्मा पडला. "अवं, बैलाले सर्दी झाली का?"

बाजारात गाडी लावली की त्या नारळवाल्याला सांगत, "भैया, मेरा बैल देखते रहना." नारळवाला आधी इकडंतिकडं पाही, मग बॉनेट पाही, मग म्हणे, "हव दीदी, भागेगा तो पकड़ लूँगा."

पस्तिसावा दिवस उजाडला. बैल जागेवर. बाईंना आनंद आवरेना. त्यांचं माहेर आर्वीकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांची खांदशेकणी करायचे. वर्षभर जू वाहून थकलेल्या खांद्यांना गरम तूप आणि हळद चोळायची आणि बैलाला उद्याचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बाईंना वाटलं, याचे खांदे नसतील थकले, पण आपले तर थकलेत याला राखून राखून! त्यांनी वाटीत तूप कढवलं, हळद कालवली, खाली गेल्या आणि टोपडं काढून बैलाला शिंगांपासून खुरांपर्यंत सढळ हातानं चोळलं. तूप ओघळून बॉनेटवर उतरलं. मग त्या त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सकाळी गॅलरीत आल्या तर बॉनेट मोकळं.

बाईंना आधी वाटलं, ही दुसऱ्याची गाडी. मग नंबर वाचला. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या.

नीलकंठराव आले, खाली पाहिलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. नुसते म्हणाले, "जाऊ दे. ड्रायव्हर चांगला पाहू."

ते गोड बोलणंच बाईंना झोंबलं. "ड्रायव्हर नंतर. आधी चोर!" म्हणत त्या तरातरा जिना उतरल्या. तळमजल्यावर डॉक्टर अनिमेषचा दाताचा दवाखाना होता आणि दारावर कॅमेरा. डॉक्टर नुकताच शटर वर करत होता.

"आंटी, दात दुखतोय?"

"बैल दुखतोय! कॅमेरा लावा!"

मागोमाग नीलकंठरावही उतरले आणि तिघं पडद्यासमोर बसले. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गल्लीत एक तांबडी गाय आली. थांबली. हुंगलं. मग तिनं बॉनेटवर मान टाकली आणि बैलाला चाटायला लागली. चाटता चाटता डोळे मिटून घेतले. पाठ चाटली, पाय चाटले, पायांखालची टेप चाटली. तुपानं ढिली झालेली ती टेप कितीशी तग धरणार? बैल हलला, कलला, बॉनेटवरून घसरत आला आणि टुणकन् नालीत पडला. गायीनं नालीत वाकून पाहिलं, आणखी दोनदा बॉनेट चाटलं आणि निघून गेली.

 मग बाईंना जे हसू फुटलं ते थांबेचना. त्यांनी पेशंटची खुर्ची धरली.

"काहून हसून राहिली?" नीलकंठराव म्हणाले. "गेला तो गेला. शर्त तू हरली."

"चोरीला गेला तर, असं म्हणाला होतात! चोर दाखवा!"

"ही गाय कोण मग?"

डॉक्टर अनिमेषनं हात वर केला. घरात मराठी, पेशंटांशी हिंदी असा तो मुलगा, न्याय त्यानं हिंदीत दिला. "अंकल, चोरी में नीयत लगती है. यहाँ तो सिर्फ़ भूख है."

नीलकंठराव पडद्याकडं पाहत राहिले. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. "गाय बैलाले चाटून गेली..." एवढंच म्हणाले आणि हसता हसता डॉक्टरच्या खांद्यावर कोसळले.

भैय्यालालनं लोखंडी आकडा घालून नालीतून बैल काढला. धुतला, तीन पाण्यांनी. पण "आज नहीं चिपकेगा भाभीजी, घी लगा है," म्हणून हात झटकले. तेव्हा नीलकंठरावांनी बैल पंच्यात गुंडाळला, शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, तो दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "हळू."

भिलाईपर्यंत त्यांनी बैल इतका घट्ट धरला की शिंगांचे ठसे तळहातावर उमटले. कुम्हारीपर्यंत "ट्रक! ट्रक!" चाललं होतं. पुढं नुसतं "ट्रक." त्यानंतर ते खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "रेल्वेतून हे तळं कधी दिसलंच नव्हतं."

गोदूताई ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. पोळ्याच्या दिवशी दारी आलेल्या बैलाला ओवाळायचं, पोळी भरवायची. त्यांनी भावाच्या मांडीवरच्या बैलाला कुंकू लावलं, त्याच्या तोंडाला पुरण टेकवलं. मग विनोदिनीबाईंना ओवाळलं, मग स्टेअरिंगला. नीलकंठरावांनी आपली मान पुढं केली.

"तू कशाले? तू काय ओढलं?" गोदूताई म्हणाल्या.

जेवणं झाली. चार पुरणपोळ्यांनंतर सुस्तावलेल्या भावाला बहिणीनं विचारलं, "सहाची लोकल आहे दादा. स्टेशनवर सोडायले सांगू का पोट्ट्याले?"

"लोकल काहून?" नीलकंठराव म्हणाले. "घरची गाडी आहे ना. फक्त हिले सांग, ट्रकच्या मागं लागू नको म्हणून. मी सांगितलं तर अजून जोरात पळवते."