करवंटीखालची पिवळी

घड्याळं दुरुस्त करणारी ताई कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी दहाला दुकान उघडायचं, डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं इवलेइवले स्क्रू उचलायचे आणि संध्याकाळी घरी येऊन खिडकीजवळच्या काचेच्या टाकीसमोर बसायचं. टाकीत ड्वार्फ सिक्लिड या बुटक्या जातीच्या माशांची जोडी होती. नर बोटभर लांब, निळ्या झाकेचा, नुसता तोरा. मादी त्याच्या निम्मी, मळकट, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी. तळाशी नारळाची करवंटी पालथी. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण ताई मुद्दाम वाळलेली पानं त्यात सोडायची. या माशांना तसंच पाणी मानवतं.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा अकरा वर्षं तिनं याच घरात त्यांचं सगळं केलं. धाकटा भाऊ तेव्हा लांब नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तो बायकोसह परतला आणि घर बघताबघता त्याचं झालं. आधी ताईचं कपाट कोपऱ्यातून हललं, मग शिवणयंत्र. ताई गप्प राहिली. चुकलं ते तिथंच.

बुधवारी भाऊ म्हणाला, "ताई, खिडकीजवळ माझं ऑफिसचं टेबल येणार. टाकीला गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी येऊन नेतील."

"मादीनं कालच अंडी घातलीत रे. तीन वेळा वाया गेली, ही चौथी खेप. महिनाभर थांब."

"माशांसाठी आता माणसांनी थांबायचं?"

शुक्रवारी ताई घरी आली तर टाकी लख्ख. पाणी स्वच्छ, काचा चकचकीत, आणि नर कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मादी नाही, करवंटी नाही. त्या करवंटीच्या आतल्या बाजूलाच अंडी चिकटवलेली होती.

"ताई, बघा तरी!" भावजय कौतुकानं म्हणाली. "किती घाण साचली होती! गिऱ्हाईक येणार, म्हटलं जरा घासून काढावी. पानं, करवंटी, सगळं उपसलं."

बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ताई टाकीच्या रिकाम्या तळाकडे बघत होती.

"ते पाणी कुठं ओतलंस?"

"ओतलं नाही अजून. झाडांना घालीन म्हणून गच्चीत ठेवलंय बादलीत."

ताई धावली. लाल बादलीच्या तळाशी, पानांच्या चिखलात करवंटी पालथी पडली होती. तिनं विजेरीच्या उजेडात ती जरा कलती केली. आत अंडी जागच्या जागी, आणि त्यांना खेटून ती मळकट मादी, अंडी राखताना रंग पालटून हळदीसारखी पिवळीधमक झालेली. घर उपसलं गेलं, उचललं गेलं, तरी बया बाहेर पडली नव्हती. ताईला हुंदका आला आणि पाठोपाठ असा संताप आला, की अकरा अधिक दोन वर्षांत कधी आला नव्हता.

तिनं बादली उचलली, आत आणली आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली. टाकीतल्या नव्या पाण्यात अंडी टिकली नसती, म्हणून बादलीतच हवेची नळी जोडली. मग गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, "टाकी विकायची नाही. ज्यानं विकायला काढली, त्याची ती नव्हती."

"ताई, आम्ही जेवायचं कुठं?" भाऊ ओरडला.

"बादलीच्या कडेकडेनं."

आणि आठ दिवस सगळे बादलीच्या कडेकडेनं जेवले. भाऊ बादलीआडून मीठ मागायचा. भावजय सुरुवातीला फुरंगटून बसली. चौथ्या दिवशी अंडी फुटली म्हणताच तीच ताईचं भिंग मागून घेऊन डोकावू लागली. नवव्या दिवशी पिवळी बाहेर आली, आणि तिच्यामागे धुळीच्या कणांसारखी पन्नासएक पिल्लं.

"झालं ना आता? हलव ही बला," म्हणत भावानं बादली धरली. त्याचं बोट पाण्यात बुडालं मात्र, इंचभर पिवळी सरळ त्याच्यावर तुटून पडली. भाऊ दचकून मागे सरला. भावजय खुदकन हसली.

"चावली का?" ताईनं विचारलं. "चावणारच. जागा तिची आहे. इथं राहू का, असं तिनं तुला विचारलं नाही. मीही यापुढे विचारणार नाही. हे घर जितकं तुझं तितकंच माझं."

भाऊ बोट पुसत राहिला. ताईच्या तोंडून असलं काही ऐकायची त्याला सवयच नव्हती. शेवटी तो म्हणाला, "मग माझं टेबल कुठं ठेवू?"

"कपाट होतं त्या कोपऱ्यात जागा आहे," ताई म्हणाली. "पण आधी तिथं माझं कपाट परत आण. मग उरली जागा, तर टेबल ठेव."