पुलापाशी थांबलेली गाडी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. अक्षरही कोंबडीने उकिरडा उकरावा तसं आहे. चौथीनंतर हातात पेन फारसा आला नाही. पण हे तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे उभी राहिले की मी दुसरंच काहीतरी बोलत बसते. म्हणून मुलीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. समोर चटईवर बसून ऐकता आहात असं समजते.

हुडकेश्वरला एका घरी मी झाडू-पोछा आणि वरचं काम करते. घरात एक म्हातारे काका, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेला मी वहिनी म्हणते. काका रेल्वेत गार्ड होते, आपल्या अरुंद रुळांच्या छोट्या लाईनवर. ती लाईन बंद झाली तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत एक मोठं टेबल मांडलं आणि त्यावर ती परत सुरू केली. म्हणजे — कशी सांगू? बोटाएवढे रूळ, काडेपेटीएवढे डबे, एक पूल, एक स्टेशन. विजेवर चालणारी गाडी.

त्याच गाडीने मी लहानपणी बाबांबरोबर उमरेडहून इतवारीला यायची. बाबांच्या मांडीवर लुगड्यांचं गाठोडं, त्यावर माझं डोकं. गाडी इतकी हळू की सायकलवाला पुढे निघून जायचा आणि वळून आम्हाला हात करायचा. पुढे घरचे हातमाग बंद पडले, गाडीही गेली. आणि मग एक दिवस पोछा मारता मारता मान वर केली, तर ती माझ्या डोळ्यांसमोरून चालली होती.

मी न विचारता कोणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "काका, बोरीचं झाड एवढं हिरवं नसते."

काकांनी ते झाड उपटून माझ्या हातात दिलं. "मंग तूच लाव वं, वनिता."

तेव्हापासून दोन वर्षं कामं उरकली की मी त्या खोलीत. झाडं केरसुणीच्या काड्यांची केली, जमीन वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची. बाया-माणसांना लुगडी आणि धोतरं बाबांच्या मागाखाली उरलेल्या सुताची. सगळ्यात शेवटी फलाटावर एक माणूस उभा केला, काखेत गाठोडं, आणि त्याचं बोट धरलेली एक मुलगी. हे कोण, काकांनी विचारलं नाही. फक्त गाडी त्या दोघांसमोरच थांबेल असं त्यांनी करून घेतलं.

संध्याकाळी काका खोलीतला दिवा मालवून स्टेशनातला बारका दिवा लावायचे. गाडी निघायची. तेव्हा माझे पाय फरशीवर आहेत असं वाटायचं नाही. कानात वारं भरायचं. कोळशाचा वास यायचा — खरंच यायचा, तिथे कोळसा नव्हता तरी.

मी भटकते आहे ना? कळतं मला. तिकडे जायला पाय उचलत नाही.

काकांच्या मोठ्या भावाला विसरायचा आजार होता. शेवटी ते आपल्याच घराचं दार विसरले होते. काकांना त्याचीच भीती. एकदा मला म्हणाले, "हे सारं माह्या डोक्यात आहे, वनिता. कागदावर एक रेघ नाही. हे चालून राहिलं, म्हणजे डोकंही चालून राहिलं." ते खेळत नव्हते. रोज गाडी चालवून स्वतःला तपासत होते. हे घरात फक्त मला ठाऊक होतं. फक्त मला.

मग शहरात छंदांचं प्रदर्शन भरलं — तिकिटं, नाणी, बोन्साय, कागदाची विमानं. मुलाने काकांचं नाव दिलं. आदल्या दिवशी सकाळी काकांनी गाडी तीनदा चालवून पाहिली आणि जेवून झोपले. टेम्पो चारला येणार होता. मी टेबलाखालचा कचरा काढत होते. बांगडी अडकली, मी हात ओढला, आणि पुलाखालची एक निळी तार तुटून दोन टोकं हातात आली.

काकांना उठवायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण आमच्या घरी मागावर ताण्यातला उभा धागा तुटला की ओरडायचं नसतं. तुटलेलं दाखवायचं नाही, जोडून पुढे जायचं. सातव्या वर्षापासून मी तशा गाठी मारल्या. माझी गाठ बोटाला लागत नाही म्हणून बाबा कौतुक करायचे. मी त्या तारेला तशीच गाठ मारली. बारीक, घट्ट, वरच्या प्लास्टिकसकट. आतलं तांबं तांब्याला लागावं लागतं, हे मला कुठून ठाऊक? तार बाकीच्या तारांत सारली आणि वरून सूत गुंडाळलं. मनात वाटलंही, किती साफ जमलं.

दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती ही गर्दी. काकांनी गार्डाची जुनी टोपी घातली होती. शिट्टी वाजवली. गाडी निघाली, बोरीजवळून वळली, पुलावर चढली — आणि पूल उतरल्याबरोबर थांबली. हाताने मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच. पलीकडे फलाटावर ते दोघं उभे.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "खरीच छोटी लाईन आहे बे. गार्डसाहेब चहा प्यायला उतरले असतील." लोक हसले. काकाही हसले. मग गुडघे टेकून टेबलाखाली गेले. बराच वेळ तिथे होते. मला त्यांचे फक्त तळवे दिसत होते. बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती.

त्यांनी हळूच विचारलं, कोणाला ऐकू जाणार नाही असं. "वनिता, झाडताना कुठं हात तं नाही लागला तुहा?"

मी म्हटलं, "नाही, काका."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. रागावले असते का? नसते. मला कामावरून काढलं असतं? तेही नाही. मग मी काहून नाही म्हटलं? चार लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं, एवढंच. तेवढ्यासाठी.

घरी आल्यावर त्यांनी खोलीला कडी लावली. महिनाभरात प्रदर्शनातल्याच एका माणसाला टेबल विकलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. मी चहा घेऊन दारात उभी होते. काका ऐकत होते, मग म्हणाले, "गाठ?" फोन दुसऱ्या कानाला लावला. "मीच मारली असंन. आठवत नाही मले."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी चहाचा कप ठेवला आणि खाली पडलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला.

त्याच दिवशी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या वहिनींकडे दिल्या. एकटे बाहेर जाणं सोडलं. टेबलाचे आलेले निम्मे पैसे माझ्या हातावर ठेवले. झाडं तुही, माणसं तुही, म्हणाले. मी ते घेतले. घरावर पत्र्याच्या टिना टाकल्या.

आता काका खरंच विसरतात. धंतोलीच्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आहेत. तो आजार माझ्या गाठीने आला असं मी म्हणत नाही. नाही आला असंही मला म्हणता येत नाही. पण तो यायच्या आधीच त्यांनी स्वतःवरचा भरवसा सोडला होता, आणि तो मी सोडायला लावला होता. माझ्या झोपेत अजून ती गाडी पुलापाशी उभी असते. मी कधी आत असते, कधी फलाटावर. शिट्टी ऐकू येते. गाडी पुढे येत नाही.

टेबलाचे ते पैसे मी दर महिन्याला पगारातून वहिनींकडे परत देत आले. काकांकडून उसने घेतले होते, असं त्यांना सांगितलं. हेही खोटंच. या महिन्यात शेवटचे पाचशे दिले. काका खिडकीशी बसून होते, माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले. वहिनींनी नोटा डब्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "फिटले सारे, वनिता. आता तुह्याकडे काही राहिलं नाही."

मी हो म्हटलं.